५५ विजय, ६० पराभव : बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ



माझ्या लहानपणी एरंडोलला आमच्या गल्लीत मुलं कबड्डी आणि क्रिकेट खेळायची, मुली लंगडी नाहीतर खो-खो. मी मात्र रोज बसने जळगावच्या एका कॉन्व्हेंटमध्ये जायचे. तिथे ग्राउंडच्या टोकाला बास्केटबॉलचे दोन पोल होते. सुट्टीत मी गल्लीतल्या मैत्रिणींना तो खेळ समजावून सांगायला लागले की त्या हसायच्या. त्यांच्या मते तो इंग्लिश मीडियमवाल्यांचा खेळ होता!

यंदा हॉस्टेलमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी टीम निवडायची होती. माझी रूममेट आमच्याच भागातल्या एका खेड्यातली. माझ्यापेक्षा चार बोटं उंच, खो-खोत अशी पळते की हात लागत नाही. पण तिने नाव द्यायला साफ नकार दिला. आपल्या भागात बास्केटबॉल नाही, तो आपल्याला जमायचा नाही, असं तिचं म्हणणं. मला राग आला, पण उत्तर काही सुचलं नाही. कारण गोष्ट खरीच आहे ना! कुठल्याही खेळात काही भाग पुढे असतात आणि काही मागे. पण हे ठरवतं कोण? माती, पाणी, उंची की आणखी काही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला भेटले जेम्स नायस्मिथ. त्यांचं आयुष्य वाचलं आणि वाटलं, हे आपल्या अंकात आलंच पाहिजे.

जेम्स नायस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळ झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. १८७० साली टायफॉइडने आई आणि वडील दोघंही गेले. जेम्स तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. आधी आजीने आणि मग मामाने त्याला वाढवलं. मामाच्या शेतावर राबायचं, जंगलात लाकूडतोड करायची आणि जमेल तशी शाळा करायची. मधे काही वर्षं तर त्याने शाळा सोडूनच दिली होती. म्हणजे ज्या खेळाला आपण कॉन्व्हेंटवाल्यांचा म्हणतो, तो खेळ शोधणारा माणूस शेतावर वाढलेला अनाथ मुलगा होता.

गावातली मुलं एक खेळ खेळायची. मोठ्या खडकावर एक छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. थोडाफार आपल्या लगोरीसारखा प्रकार. जोरात दगड फेकला आणि नेम चुकला तर तो लांब जाऊन पडायचा आणि परत आणताना पकडलं जायची भीती. म्हणून हळू, वरून कमानीसारखा टाकलेला दगडच जास्त कामाला यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जेम्स पुन्हा शाळेत गेला, शाळा पूर्ण केली आणि १८८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. पुढे १८९० मध्ये धर्मशास्त्राची पदवीही मिळवली. सगळ्यांना वाटलं, आता हा पाद्री होणार. पण त्यांच्या मनाने घेतलं होतं की माणूस घडवायचं काम चर्चइतकंच मैदानावरही होऊ शकतं. ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्डला गेले. तिथे वायएमसीएची, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची, शिक्षक तयार करणारी संस्था होती.

आता येतो आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या आवडीचा भाग. डिसेंबर १८९१. बाहेर कडाक्याची थंडी. फुटबॉलचा सीझन संपलेला, बेसबॉलला अजून वेळ. १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग हॉलमधल्या त्याच त्या कवायतीला इतका कंटाळला होता की आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नायस्मिथांना १४ दिवस दिले. काम काय, तर हॉलमध्ये खेळता येईल असा नवा खेळ तयार करा. आपल्या सबमिशनसारखीच डेडलाइन!

पहिले बारा-तेरा दिवस सगळं फेल गेलं. फुटबॉल, सॉकर, लॅक्रॉस हे खेळ आत आणून बघितले, पण मुलांना मार लागायचा नाहीतर सामानाची मोडतोड व्हायची. मग त्यांनी प्रॉब्लेमचे तुकडे केले. मारामारी का होते? कारण बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवावं लागतं. मग बॉल घेऊन पळायचंच नाही. बॉल जोरात का मारला जातो? कारण गोल समोर उभा असतो. मग गोल आडवा करून डोक्यावर ठेवायचा. म्हणजे बॉल हळू, कमानीसारखाच टाकावा लागेल. लहानपणीचा तो खडकावरचा दगड इथे कामी आला.

त्यांनी शिपायाकडे दोन खोके मागितले. खोके नव्हते, पण पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. (आपल्याकडे असते तर भरताच्या वांग्यांची टोपली मिळाली असती!) त्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. कठड्याची उंची दहा फूट होती, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवरच असते. १३ नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जणांचा सामना झाला. निकाल १-०. टोपलीला बूड असल्यामुळे बॉल पडला की वर चढून काढावा लागायचा. एका विद्यार्थ्याने खेळाला नायस्मिथांचंच नाव द्यायचं सुचवलं, तेव्हा ते हसले. शेवटी बास्केटबॉल हे साधं नाव ठरलं. थोड्याच दिवसांत शिक्षिकाही खेळायला लागल्या. त्यांच्यातल्या मॉड शर्मन यांच्याशी १८९४ मध्ये नायस्मिथांचं लग्न झालं.

स्प्रिंगफील्ड ही शिक्षकांची शाळा होती, म्हणून खेळ झपाट्याने पसरला. त्या पहिल्या १८ जणांत एक जपानी विद्यार्थीसुद्धा होता. जो विद्यार्थी जिथे नोकरीला गेला तिथे त्याने टोपली टांगली. आपल्या देशातही तेच झालं. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. आज तामिळनाडू आणि केरळच्या टीम एवढ्या तगड्या का, याची कारणं बरीच असतील, पण हे त्यातलं एक नक्की असावं. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये नेबरहूड हाऊस काढलं. त्या दाटीवाटीच्या, गरीब वस्तीने भारताला एकाहून एक बास्केटबॉलपटू दिले. १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसीर तिथलेच. नागपाड्याच्या पाण्यात काही वेगळं नव्हतं, तिथे एक कोर्ट होतं आणि शिकवणारं कोणीतरी होतं.

पुन्हा नायस्मिथांकडे येऊ. डेन्व्हरला नोकरी करता करता ते डॉक्टर झाले आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स या गावी आले. कॅन्सस म्हणजे अमेरिकेच्या मधोमध पसरलेला शेतीचा मुलूख, गव्हाचा प्रदेश. आपल्या कापूस-केळीच्या खान्देशासारखाच म्हणा ना! तिथे त्यांनी १९०७ पर्यंत टीमला कोचिंग दिलं. आता गंमत ऐका. त्यांचं रेकॉर्ड आहे ५५ विजय आणि ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच एकच, आणि तो म्हणजे ज्याने खेळ शोधला तो! त्यांना जिंकण्याचं फारसं वेडच नव्हतं. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो असंच त्यांचं मत होतं. काही वेळा ते स्वतःच रेफ्री व्हायचे.

पण त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट ॲलन नावाचा एक मुलगा खेळत होता. त्याने गुरूचं हे मत मानलं नाही. तो कोच झाला, कॅन्ससला एकूण ५९० सामने जिंकून दिले आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. ॲलन यांच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप केंटकीला गेले आणि तिथे चार अजिंक्यपदं जिंकली. १९५२ च्या टीममधले डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला गेले आणि तिथे दोन, १९८२ आणि १९९३ मध्ये. आज अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की कॅन्सस, केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना ही नावं पहिल्यांदा येतात. तिन्हींचं मूळ एका हरणाऱ्या कोचपर्यंत जातं.

स्पर्धासुद्धा तिथेच रुजल्या. १९३७ मध्ये जवळच्या कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, त्यात नायस्मिथांचा हात होता. १९३९ मध्ये एनसीएएची मोठी स्पर्धा सुरू झाली. देशाचे आठ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागातून एक टीम घेतली. पहिलं विजेतेपद ओरेगॉनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवून मिळवलं. पुढे स्पर्धा वाढली तरी बरीच वर्षं एका गटातून एकच टीम, हा हिशोब राहिला. त्यामुळे १९७४ मध्ये मेरीलँडसारखी दमदार टीम आपल्या गटाच्या फायनलला १०३-१०० अशी हरली आणि घरी बसली. पुढच्याच वर्षी नियम बदलला. आपल्या विद्यापीठाच्या खेळांतही जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार असे विभाग आहेत. एरंडोल हे नुसतं गावाचं नाव नाही, एका विभागाचं नाव आहे हे वाचून तेव्हा मला फार भारी वाटलं होतं!

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला. काळ्या मुलांना तेव्हा विद्यापीठाच्या टीममध्ये घेत नव्हते. ज्या भागात खेळ एवढा मोठा झाला, तिथेच एका चांगल्या मुलाला कोर्ट बंद होतं. नायस्मिथांनी त्याला आपल्यापाशी घेतलं, मार्गदर्शन केलं. त्याला टीममध्ये जागा ते मिळवून देऊ शकले नाहीत. पण मॅक्लेंडन कोच झाले आणि त्यांच्या टेनेसीच्या टीमने १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षं कॅन्सस सिटीची तीच स्पर्धा जिंकली. ते बघायला गुरू हयात नव्हते.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला. नायस्मिथांकडे तिकडे जायला पैसे नव्हते, कोच लोकांनी ते गोळा केले. भर पावसात, चिखल झालेल्या मातीच्या कोर्टवर अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं आणि पदकं नायस्मिथांच्या हातून दिली गेली. एक त्यांचा जन्माचा देश, दुसरा कर्माचा. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. त्यांनी लिहिलेले मूळ १३ नियम २०१० मध्ये ४३ लाख डॉलरला विकले गेले आणि ते कॅन्सस विद्यापीठातच आणले गेले. तिथल्या स्टेडियमला शिष्याचं, म्हणजे ॲलन यांचं नाव आहे, आणि आतल्या कोर्टला गुरूचं.

मित्रांनो, हे सगळं मी रूममेटला एका रात्री सांगितलं. लाइट गेली होती, दुसऱ्या दिवशी व्हायवा होती, तरी तिने शेवटपर्यंत ऐकलं. भाग म्हणजे काही मातीत उगवलेली गोष्ट नाही. कोणीतरी एका जागी येतं, टोपली टांगतं, हरलं तरी तिथेच राहतं आणि एखाद्या मुलाला हाताशी धरतं. त्यानंतर पन्नास वर्षांनी लोक म्हणतात, त्या भागात बास्केटबॉल आहे!

यंदा आमची टीम पहिल्याच सामन्यात हरली. रूममेट त्या टीममध्ये नव्हती. आता ती रोज संध्याकाळी हॉस्टेलमागच्या कोर्टवर येते. नेम अजून चुकतो, पण पळण्यात तिला कोणी गाठू शकत नाही. एका पोलवर जाळी नाही, बॉल एकच आहे आणि त्याची हवा जाते. तरी ज्यांना वाटतं हा खेळ आपल्या भागातला नाही, त्यांनी एकदा नक्की या. ५५ जिंकायच्या आधी ६० हरायची तयारी आमचीही आहे!