एलिझाबेथ फ्रीमन

राज्यघटना म्हणजे मुत्सद्द्यांचें काम, सामान्य माणसास तिचा काय उपयोग, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. तो किती चुकीचा आहे, हें एका निरक्षर दासीच्या चरित्रावरून आम्ही दाखवूं इच्छितों.

अठराव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत न्यूयॉर्क प्रांतीं एका गुलाम स्त्रीच्या पोटीं ही मुलगी जन्मली. तिचें नांव बेट. पुढें ती मॅसॅच्युसेट्समधील शेफील्ड गांवीं कर्नल जॉन ॲश्ली ह्यांच्या घरीं दासी झाली. ह्याच घरांत १७७३ सालीं गांवच्या प्रमुखांनीं सर्व माणसें समान व स्वतंत्र आहेत असा ठराव लिहिला. परंतु त्या घरची दासी मात्र दासीच राहिली! एकदां मालकिणीनें तापलेलें फावडें दुसऱ्या मुलीवर उगारलें. बेटनें आपला हात मध्यें घातला. त्या जखमेचा वण तिच्या हातावर जन्मभर राहिला.

१७८० सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें आपली राज्यघटना मान्य केली. तिचा मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्स ह्यांचा होता. सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, हें तिचें पहिलेंच कलम. तें कानीं पडतांच बेटनें थिओडोर सेजविक नांवाच्या वकिलास गांठलें व ह्या कायद्यानें आपणही मुक्त होऊं कीं नाहीं, असें विचारलें. सेजविक ह्यांनीं तिचें व ब्रॉम नांवाच्या दुसऱ्या एका गुलामाचें वकीलपत्र घेतलें. ऑगस्ट १७८१ मध्यें ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयांत ज्यूरीनें दोघांस मुक्त ठरवून ३० शिलिंग भरपाई देवविली. ॲश्ली ह्यांनीं अपील केलें, परंतु पुढें तें सोडून दिलें.

बेटनें आतां एलिझाबेथ फ्रीमन, म्हणजे स्वतंत्र मनुष्य, असें नांव धारण केलें. सेजविकांच्या घरीं ती पगारावर राहिली; सुईण व परिचारिका म्हणून तिचा लौकिक झाला; स्वतःच्या कमाईनें तिनें घर घेतलें. १७८३ सालीं संस्थानाच्या वरिष्ठ न्यायालयानेंही क्वॉक वॉकरच्या खटल्यांत गुलामगिरी घटनेशीं विसंगत ठरविली. १७९० च्या खानेसुमारींत तेथें एकही गुलाम नोंदला गेला नाहीं.

उलट १७८७ सालीं तयार झालेल्या संपूर्ण राष्ट्राच्या घटनेनें गुलामगिरी चालूं दिली, आणि ती सर्वत्र बंद होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें. एका संस्थानाच्या घटनेनें जें रक्षण केलें, तें राष्ट्रास त्यानंतर चौऱ्यायशीं वर्षांनीं साधलें.

२८ डिसेंबर १८२९ रोजीं एलिझाबेथ मरण पावली. स्टॉकब्रिज येथें सेजविक कुटुंबीयांच्या कबरींमध्येंच तिची कबर आहे.

परमेश्वरानें सर्वांस आपल्या प्रतिरूपाचें निर्माण केलें, असें आम्ही ख्रिस्ती लोक मानतों. कायद्याच्या पुस्तकांत तें मान्य झालें, तरी एखाद्यानें उठून तें मागावें लागतें. बेटला वाचतां येत नव्हतें. तुम्हांस, बालमित्रांनो, येतें. तेव्हां आपल्या हक्कांचीं कलमें वाचा, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस तीं वाचून दाखवा.