ॲमॉस अलोंझो स्टॅग: युद्धकाळांतील वृद्ध गुरु

अमेरिकेंत फुटबॉल ह्या नांवानें जो खेळ खेळतात तो आपल्याकडील फुटबॉलाहून निराळा आहे. त्यांत प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात, चेंडू लांबट असतो, व तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचें असतें. तेथील कॉलेजांत ह्या खेळास फार मान आहे, आणि तो शिकविणाऱ्या नामांकित गुरूंत ॲमॉस अलोंझो स्टॅग ह्यांची गणना पहिल्या रांगेंत होते.

त्यांचा जन्म ता. १६ ऑगस्ट १८६२ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील वेस्ट ऑरेंज येथें एका गरीब चांभारकाम करणाऱ्याच्या घरीं झाला. घरांत आठ मुलें होतीं. पोटास चिमटा घेऊन विद्या करीत ते येल विद्यापीठापर्यंत पोहोंचले. पाळक व्हावें, हा त्यांचा मनोदय होता. बेसबॉलच्या खेळांत ते इतके निपुण निघाले कीं, पैशासाठीं खेळणाऱ्या संघांनीं त्यांस बोलावणीं पाठविलीं. परंतु तीं त्यांनीं नाकारलीं. पुढें ईश्वरविज्ञानाचा अभ्यास करीत असतां त्यांस दिसून आलें कीं, लोकांपुढें उभें राहून बोलण्याचें दान आपल्याठायीं नाहीं. ज्या सेवेसाठीं इतके कष्ट सोसले तिचें दार असें लागलेलें पाहून दुसरा एखादा खचला असता. स्टॅग मात्र १८९० सालीं यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणशाळेंत गेले. आपल्या मिशनशाळांतून खेळला जाणारा बास्केटबॉल ह्याच शाळेंत १८९१ सालीं निघाला. तरुणांच्या शरीराबरोबर त्यांचें शीलही घडवावें, हीच आपली सेवा, असें स्टॅग ह्यांनीं तेथें ठरविलें.

येल येथें त्यांस शिकविणारे इब्री भाषेचे पंडित विल्यम रेनी हार्पर हे नव्या शिकागो विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांनीं १८९२ सालीं स्टॅग ह्यांस बोलावून घेतलें. तेथें त्यांनीं ४१ हंगाम काम केलें. ते दारू व तंबाखू ह्यांस शिवत नसत व अपशब्द बोलत नसत. त्यांच्या पत्नी स्टेला सामन्यांचीं टिपणें ठेवून त्यांस साहाय्य करीत. विद्यापीठाच्या मैदानास स्टॅग ह्यांचेंच नांव देण्यांत आलें.

परंतु सत्तर वर्षें पुरीं झालीं म्हणजे निवृत्त व्हावें, असा तेथील नियम होता. त्याप्रमाणें १९३२ च्या हंगामानंतर त्यांचें काम संपलें. त्यांनीं घरीं बसणें पत्करलें नाहीं. १९३३ सालीं ते कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें, मेथडिस्ट मंडळीनें स्थापिलेल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्यें गेले. कॉलेज लहान आणि प्रतिस्पर्धी बलाढ्य, त्यामुळें विजयांपेक्षां पराजयच अधिक पदरीं आले.

१९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत उतरली. तरुण सैन्यांत गेले, आणि पुष्कळ कॉलेजांनीं हा खेळ बंद केला. शिकागोनें तर १९३९ सालींच तो सोडला होता. तेथील ओस पडलेल्या स्टॅग मैदानाच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालीं ता. २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी ह्यांनीं अणुशक्तीची पहिली अखंड क्रिया घडवून आणिली. जेथें स्टॅग ह्यांनीं मुलें घडविलीं, तेथेंच मोठ्या संहाराच्या शक्तीचा पाया घातला गेला.

१९४३ च्या जुलैंत आरमारानें आपले भावी अधिकारी शिक्षणासाठीं निवडक कॉलेजांत पाठविले. पायदळानें आपल्या उमेदवारांस कॉलेजांच्या संघांतून खेळूं दिलें नाहीं. आरमारानें मात्र परवानगी दिली. अशा रीतीनें दुसऱ्या कॉलेजांत शिकलेले धडधाकट गडी गणवेश घालून स्टॉक्टन येथें आले. हुकूम येतांच त्यांस निघून जावें लागे, व मैदानापलीकडे त्यांच्यापुढें समुद्र व रण होतें. स्टॅग ८१ वर्षांचे होते. त्यांचे शिष्य त्यांस नातवंडें शोभले असते. ह्या परक्या मुलांस आपलीं मानून त्यांनीं त्यांचा एक संघ बांधिला. त्या वर्षीं नऊ सामन्यांपैकीं सात त्यांनीं जिंकले, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यासही हार खावी लागली. देशांतील खेळगुरूंच्या संघानें त्या वर्षीचा उत्तम गुरु म्हणून त्यांचीच निवड केली. वयाच्या नियमामुळें निवृत्त केलेल्या मनुष्यास हा मान अकरा वर्षांनीं मिळाला.

१९४६ सालीं तेंही काम सुटलें. मग १९४७ पासून १९५२ पर्यंत पेन्सिल्व्हेनियांत आपल्या मुलाच्या बरोबरीनें व नंतर पुन्हां स्टॉक्टन येथें ते शिकवीत राहिले. १९६० सालीं, अठ्ठ्याण्णव्या वर्षीं, त्यांनीं काम सोडिलें. ता. १७ मार्च १९६५ रोजीं, १०२ वर्षांचें होऊन, ते प्रभूमध्यें निजले.

प्रिय वाचकहो, उपदेशपीठावर उभें राहणें ज्यास साधत नाहीं, त्यानें आपल्यास सेवेचें दानच नाहीं असें समजूं नये. स्टॅग ह्यांस वाणी नव्हती, पण मुलांवर माया करण्यास व पहांटे उठून त्यांच्याबरोबर घाम गाळण्यास वाणी लागत नाहीं. आपल्या गांवांतही असे तरुण आहेत, आणि त्यांच्यासाठीं थोडा वेळ काढणारा वडील मनुष्य त्यांस हवा आहे.