सॅम लॉइड : मात घ्यायला मदत करणारा डाव

बुद्धिबळ म्हटलं की समोरच्याला हरवायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. हॉस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच चालतं. पण ‘हेल्पमेट’ या प्रकारच्या कूटप्रश्नात काळा आणि पांढरा दोघं मिळून काळ्या राजावर मात करतात! पहिली चाल काळ्याची. बोरिवली लोकलमध्ये आतले लोक सरकून दारातल्याला जागा करून देतात ना, तसंच.

‘पहिली चाल काळ्याची’ ही पद्धत आणली सॅम लॉइडने. या माणसाचं मला कौतुक वाटतं आणि रागही येतो.

लॉइडचा जन्म ३० जानेवारी १८४१ चा, फिलाडेल्फियाचा. वाढला न्यूयॉर्कमध्ये. चौदाव्या वर्षी त्याचा पहिला बुद्धिबळ-प्रश्न छापून आला. पहिला हेल्पमेट मात्र जर्मनीच्या माक्स लांगेचा, १८५४ चा. त्यात सुरुवात पांढऱ्याची होती आणि उत्तरं अनेक. नोव्हेंबर १८६० मध्ये लॉइडने ‘चेस मंथली’ मासिकात तीन चालींचा हेल्पमेट दिला, सोबत एक गोष्टही रचली.

त्याचं उत्तर बघण्यासारखं आहे. पांढरा हत्ती पटाच्या टोकाला जाऊन बसतो. उंट त्याच्या वाटेत आडवा येतो. त्या आडोशाने काळा राजा बिनधास्त कोपऱ्यात शिरतो, आणि उंट हलताच हत्ती व उंट दोघांचा शह एकदम! मात!

पण घोळ असा, की त्याच प्रश्नाला आणखी एक, जरा साधंसं उत्तर निघतं. याला ‘कुक’ म्हणतात. कूटप्रश्नांच्या स्पर्धेत परीक्षक आधी हेच तपासतात. रचनाकाराच्या मनातलं सोडून दुसरं उत्तर निघालं, की प्रश्न बाद. मग पुढचं : कल्पना नवी आहे का? पटावर एखादा मोहरा उगाच आहे का? दोन उत्तरं मुद्दाम ठेवली असतील, तर ती एकमेकांना शोभतात का? पूर्ण निर्दोष असा पहिला हेल्पमेट १८६१ साली लाइपझिगच्या ए. बार्बेने केला. पण नाव गाजलं लॉइडचंच.

श्रेयाच्या बाबतीतही लॉइड असाच सैल. पंधरा सरकत्या ठोकळ्यांच्या कोड्याने १८८० मध्ये अमेरिकेला वेड लावलं. ते आपणच काढलं, असं लॉइड १८९१ पासून मरेपर्यंत सांगत राहिला. खरं तर त्यामागे कॅनास्टोटा गावचा पोस्टमास्तर नोइस चॅपमन होता. लॉइडचा त्यात काही हात नव्हता, हे २००६ च्या एका संशोधनपर पुस्तकात सविस्तर मांडलं गेलं.

१० एप्रिल १९११ रोजी लॉइड गेला. कल्पना सुचणं वेगळं आणि ती चोख उतरवणं वेगळं. परीक्षकाला दोन्हीचा हिशेब ठेवावा लागतो. मी परीक्षक असतो, तर त्या हेल्पमेटला बक्षीस दिलं नसतं. पण पट मांडून सगळ्या विंगला तो दाखवला मात्र नक्की असता.