मौलाना आझाद आणि लेखणीची अमानत

वाचकहो, वाशीची खाडी ओलांडून मुंबईत गेलात, तर ऑगस्ट क्रांती मैदान आपण पाहिले असेल. तेव्हा त्याला गवालिया टँक म्हणत. 8 ऑगस्ट 1942 रोजी तेथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदी मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अटक झाली आणि अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. स्वातंत्र्यसेनानी आणि पहिले शिक्षणमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ते मूळचे संपादक होते आणि सरकारचा पहिला रोष त्यांच्या लेखणीवर झाला, हे आपण विसरतो.

त्यांचा जन्म 1888 साली मक्का येथे, एका विद्वान घराण्यात झाला. शिक्षण घरीच, दीनी परंपरेप्रमाणे झाले. 13 जुलै 1912 रोजी, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी, त्यांनी कलकत्त्यातून ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. गुलामीविरुद्ध उभे राहणे हे मुसलमानाचे दीनी कर्तव्य आहे, हा त्याचा गाभा होता. दोन वर्षांत खप 26,000 प्रतींवर गेल्याची नोंद मौलानांनीच केली आहे.

सरकारच्या हाती 1910 चा प्रेस कायदा होता. त्याची रीत नीट समजून घ्या. आधी जामीन म्हणून रक्कम मागायची, मजकूर खटकला की ती जप्त करायची आणि मग अधिक मोठी रक्कम मागायची. मजकूर खोटा असल्याचे सिद्ध करण्याची गरजच नव्हती. छापखान्याची तिजोरी रिकामी झाली की पत्र आपोआप बंद पडे. 1913 मध्ये कानपूरच्या मशिदीचा भाग पाडला गेला, निषेध करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि ‘अल-हिलाल’ने त्यावर निर्भीडपणे लिहिले. 2,000 रुपयांचा जामीन मागितला गेला आणि पुढे तो जप्त झाला. मग 10,000 रुपये मागण्यात आले. नोव्हेंबर 1914 मध्ये पत्र थांबले. वर्षभराने मौलानांनी ‘अल-बलाग’ काढले. तेव्हा 1916 मध्ये सरकारने त्यांना बंगालमधूनच हद्दपार केले.

ते रांचीला गेले आणि 1919 च्या अखेरपर्यंत तेथे नजरकैदेत राहिले. तेथे मशिदीत ते प्रवचन करीत. त्यांनी एक मदरसाही उभा केला. कुरआनच्या तर्जुम्याचे त्यांचे हस्तलिखितसुद्धा पोलिसांनी झडतीत उचलून नेले. वर्षानुवर्षांची मेहनत विस्कटली. त्यांनी ती पुन्हा उभी केली आणि 1930 च्या दशकात ‘तर्जुमानुल कुरआन’चे खंड वाचकांच्या हाती आले.

अहमदनगरच्या किल्ल्यात आरंभी वर्तमानपत्रे आणि पत्रव्यवहार दोन्ही बंद होते. एप्रिल 1943 मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलाना अंत्यदर्शनासही जाऊ शकले नाहीत. मित्राला उद्देशून लिहिलेली पत्रे पाठविता येत नव्हती, तरीही ते लिहीत राहिले. सुटकेनंतर, 1946 साली, ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली.

येथे थांबलो तर कथा सुंदर होईल, पण अपुरी राहील. 1951 साली स्वतंत्र भारताच्या सरकारने वृत्तपत्रांसाठी नवा कायदा केला. त्यात न्यायालयामार्फत का होईना, पण छापखान्याकडून जामीन मागण्याची तरतूद होती. त्या मंत्रिमंडळात मौलानाही होते. कुरआन आपल्याला स्वतःविरुद्ध आणि आपल्या माणसांविरुद्धही खरी साक्ष देण्यास सांगतो. म्हणून हे लपवणे योग्य नव्हे. सत्ता परक्यांची असो वा आपल्यांची, तिला टीका नकोशीच वाटते. तो कायदा 1956 मध्ये संपुष्टात आला. मोह मात्र कोणत्याही कायद्याबरोबर संपत नाही.

म्हणून, वाचकहो, आपल्याला न आवडणाऱ्या पत्रकाराचा आवाज दाबला जातो तेव्हा आनंद मानू नका. ज्या रीतीने त्याचे तोंड बंद होते, त्याच रीतीने उद्या तुमचेही होईल. संविधानाने दिलेले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य ही अमानत आहे. तिची दुसरी बाजूही आहे: शहानिशा केल्याशिवाय बातमी पुढे पाठवू नका, कारण अफवा पसरवणाराच दडपशाहीला निमित्त पुरवतो. आणि सत्य सांगण्याची किंमत मोजणाऱ्याला एकटे पडू देऊ नका.

22 फेब्रुवारी 1958 रोजी मौलाना अल्लाहला प्यारे झाले. अल्लाह त्यांच्या चुका माफ करो, त्यांच्या कष्टांचा मोबदला देवो आणि आपल्याला सत्याच्या साक्षीचे बळ देवो. आमीन.