आईबापांनी अर्ध्यावर सोडलं, तरी मुक्ताईच्या भावंडांनी त्यांना दोष का दिला नाही?

आषाढी वारी म्हटलं की आळंदी आणि देहू आठवतं. पण खान्देशातल्या माणसाला विचारा, तो आधी मुक्ताईचं नाव घेईल. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून निघणारी पालखी महिनाभर चालत पंढरपूर गाठते. चाळीसगाव, पाचोरा, भुसावळकडच्या घराघरांत 'आदिशक्ती' म्हणून ओळखली जाणारी ही मुक्ताई मुळात चार पोरक्या भावंडांतली सगळ्यात धाकटी पोर होती.

तिची गोष्ट वडिलांपासून सुरू होते. विठ्ठलपंत कुलकर्णी हे पैठणजवळच्या आपेगावचे. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी त्यांना दिली होती. पण विठ्ठलपंतांचं मन संसारात लागेना. ते बायकोला सोडून थेट काशीला गेले आणि आपल्याला बायको नाही असं खोटं सांगून संन्यास घेतला. पुढे खरं काय ते गुरूंना कळलं आणि त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवलं. मग चार मुलं झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि १२७९ साली मुक्ताई.

संन्यासी परत गृहस्थ झाला हे गावाला पचलं नाही. कुटुंब वाळीत पडलं. मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा देहान्त प्रायश्चित्त घ्या असं सांगण्यात आलं. परंपरा सांगते की नवराबायको दोघांनी मुलांना मागे ठेवून जलसमाधी घेतली.

आता याकडे भक्तीचा चष्मा काढून बघा. बापाने एकदा बायकोला सोडलं होतं. दुसऱ्यांदा आईबाप दोघंही गेले. आणि ज्यासाठी गेले ते तरी मिळालं का? नाही. मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावंच लागलं. मुक्ताई तर तेव्हा अगदी लहान.

मांड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते, पण विसोबाने कुंभाराला दम दिल्यामुळे तिला खापर मिळेना. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. यातला चमत्कार बाजूला ठेवला तर उरतं ते एवढंच की बहीण रडवेली घरी आली तेव्हा तिची समजूत काढायला घरात आई नव्हती, भाऊ होता. पुढे तोच भाऊ लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून बसला, तेव्हा त्याला समजावणारी ही धाकटीच. तिचे ताटीचे अभंग वारकरी आजही गातात. थोडक्यात, भावंडंच एकमेकांची आईबाप झाली.

पण आईबापांबद्दल राग कुठेच नाही. असं का?

१९४०च्या दशकात रोनाल्ड फेअरबेर्न या स्कॉटिश मनोविश्लेषकाने याचं एक उत्तर मांडलं. वाईट वागणूक मिळालेली मुलंसुद्धा आईबापांना वाईट म्हणायला तयार नसतात, हे त्याने पाहिलं होतं. मुलाचं सगळं जग आईबापांवर उभं असतं. तेच वाईट निघाले तर जगात भरवसा ठेवायला काही उरत नाही. म्हणून मूल दोष स्वतःकडे घेतं आणि आईबापांना चांगलं ठेवतं.

या भावंडांनी दोष स्वतःकडे घेतला नाही. त्यांच्यासमोर आणखी एक वाट होती. त्यांच्या आईबापांची नावं होती विठ्ठल आणि रुक्मिणी. ज्ञानदेव आपल्या अभंगांच्या शेवटी रखुमाईच्या पतीला, विठ्ठलाला, बाप म्हणून हाक मारतात. देवाचं नाव घेतलं की बापाचंही घेतलं जायचं. गेलेला बाप असा पंढरपुरात विटेवर कायमचा उभा सापडणं, हे पोरक्या मुलाला केवढं मोठं वाटत असेल!

पुढे वयाने कितीतरी मोठ्या योगी चांगदेवांनी या मुलीला गुरू केलं. (चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातले चांगदेव वेगळे, ते भास्कराचार्यांचे नातू.) योगी चांगदेवांचं मंदिर तापी-पूर्णेच्या संगमावर आहे.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. पाठोपाठ सोपान सासवडला गेले. उरलेला थोरला भाऊ धाकट्या बहिणीला घेऊन तीर्थयात्रा करत तापीकाठी आला. १२९७च्या वैशाख वद्य दशमीला मेहूणजवळ वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. ती तेव्हा अठराच्या आसपास होती. थोड्याच दिवसांत निवृत्तिनाथांनीही त्र्यंबकेश्वरला समाधी घेतली.

कोथळीला मुक्ताईचं जुनं मंदिर आहे. एदलाबादचं नावही पुढे मुक्ताईनगर झालं. जेष्ठात तिथून पालखी निघते आणि आषाढीला विठ्ठल-रखुमाईपाशी पोहोचते. खान्देशातले वारकरी म्हणतात, मुक्ताई माहेरी निघाली.