साने गुरुजींचे घर

कोकणातल्या पालगड गावात एके दिवशी दवंडी पिटली गेली. सदाशिवराव साने यांच्या घरादारावर सावकाराच्या कर्जापायी जप्ती येणार, ही बातमी ढोलाच्या आवाजाने गल्लीगल्लीत पोचली. साने घराणे एके काळी खोतांचे. पण भाऊबंदकी, कोर्टकचेरी आणि चढत जाणारे व्याज यांत सारे वैभव विरून गेले होते. घरातली बाई, यशोदाबाई, आधीच खंगलेली होती. मुलगा पांडुरंग शिकण्यासाठी दूर परगावी होता. १९१७ साली यशोदाबाई गेल्या. पुढे सोळा वर्षांनी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्या मुलाने अवघ्या पाच दिवसांत आईच्या आठवणी लिहून काढल्या. ‘श्यामची आई’ हे पुस्तक मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही.

लहानपणी हे पुस्तक वाचताना मी इतरांसारखाच आईसाठी रडलो. पुढे बँकेत अधिकारी झालो आणि दवंडीचे तेच प्रकरण निराळे वाटू लागले. कर्जवसुलीच्या नोटिसा दारावर डकवण्याचे काम आमच्याकडेही असे. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका दारासमोर मी शिपायाला घेऊन उभा होतो. आत बाई भाकरी थापत होती. आम्ही कशासाठी आलो आहोत हे तिला ठाऊक होते, तरी तिने हात धुतले आणि आधी पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवला. कागदपत्रे चोख होती, नियमाप्रमाणे काहीच चुकत नव्हते. मी पाणी प्यालो आणि सही केली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून साने गुरुजींकडे मी मातृभक्त लेखक म्हणून पाहत नाही. ज्याचे घर गेले आणि ज्याने पुढचे सारे आयुष्य इतरांना छप्पर, हक्क आणि मान मिळावा म्हणून वेचले, असा माणूस म्हणून पाहतो. आणि हे आयुष्य मुख्यतः घडले ते कोकणात नाही, आपल्या खानदेशात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. ज्या आईची पुढे महाराष्ट्राने पूजा केली, तिचा संसार एका घरातून दुसऱ्या घरात ढकलला गेला होता. वाटणीनंतर सासरचे मोठे घर सुटले. माहेरच्या आश्रयाने राहताना नवऱ्याचा मान राहीना, तेव्हा तिने स्वतःचे झोपडे बांधायचा हट्ट धरला आणि त्यासाठी अंगावरचे दागिने काढून दिले. मातीच्या भिंती, गवताचे छप्पर, पण आपले. परक्याच्या वाड्यापेक्षा आपली झोपडी बरी, हा धडा मुलाने शाळेत जाऊन घेतला नाही. तो त्याने डोळ्यांनी पाहिला.

दापोली, औंध, पुणे असे करत, कधी माधुकरी मागून तर कधी अर्धपोटी राहून, तो शिकला. पुण्यात उच्च शिक्षण घेऊन तत्त्वज्ञानाच्या ओढीने तो अमळनेरला आला. बोरी नदीकाठच्या या गावात श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. प्रतापशेठ हे खानदेशातले मोठे गिरणीमालक आणि तेवढेच मोठे दाते. अमळनेरची प्रताप मिल त्यांची, धुळ्याची न्यू प्रताप मिलही त्यांचीच. आणि ज्या शाळेला पुढे प्रताप हायस्कूल हे नाव मिळाले, तिच्यामागेही त्यांचाच आधार. १९२४ साली साने या शाळेत शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. सानेसरांचे गुरुजी झाले ते याच छात्रालयात.

आजच्या पालकांना ‘होस्टेल’ म्हटले की फी, मेस आणि नियमांचा फलक आठवतो. गुरुजींचे छात्रालय निराळे होते. आसपासच्या खेड्यांतून आलेली मुले पहिल्यांदाच घराबाहेर राहत होती. घरच्या आठवणीने रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी मुले त्यांत असायचीच. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, कुणाचे मळके धोतर धुऊन दोरीवर टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. कुणालाही रागे न भरता मुले आपोआप नीटनेटकी राहू लागली, कारण गुरुजींनी आपली खोली झाडावी याची त्यांनाच लाज वाटू लागली. शिवाय गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज स्वतः लिहून मुलांसाठी लावीत. ज्याला स्वतःचे घर उरले नव्हते, त्याने भाड्याच्या खोल्यांतून घर उभे करून दाखवले.

हे सहा वर्षे चालले. १९३० च्या कायदेभंगात गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाही होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे आणि गुरुजींनी भराभर टिपून घ्यायचे, असे अठरा रविवार झाले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आले ते गुरुजींच्या त्या वेगवान लेखणीमुळे. दुसऱ्याचे बोलणे इतक्या मन लावून ऐकण्याची ही सवय पुढे त्यांना गिरणीच्या फाटकाशी आणि शेताच्या बांधावरही उपयोगी पडली. संघटना बांधणाऱ्या माणसाला भाषण येण्याआधी ऐकता यावे लागते.

तो काळ खानदेशला फार वाईट होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. पीक विकून हाती पैसा येईना, पण शेतसारा ठरलेला आणि सावकाराचे व्याजही ठरलेले. सारा थकला की सरकारला जमीन जप्त करता येई, घरातली चीजवस्तू लिलावात काढता येई. म्हणजे पालगडची दवंडी आता खानदेशच्या गावागावांत वाजत होती. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. बांबूंनी उभारलेल्या त्या नगराला टिळकनगर नाव होते. ते यशस्वी व्हावे म्हणून गुरुजी गावोगाव वणवण फिरले. सारा आणि खंड कमी करावा, कर्जाचे ओझे हलके करावे, अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला.

पण ठराव होणे वेगळे आणि घरावरची जप्ती टळणे वेगळे. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. आता राज्य आपल्याच माणसांचे होते, आणि पिके बुडाल्यावर साऱ्याची माफी मागायची तीही त्यांच्याकडेच. अनेक कार्यकर्ते अशा वेळी गप्प बसतात. गुरुजी बसले नाहीत. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यातून शेतकऱ्यांची बाजू मांडली. सभा घेतल्या, शेतकऱ्यांना संघटित केले, शेतकरी-कामगारांच्या राज्याचे गाणे त्यांच्या ओठी दिले. कर्जदार शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा मुंबई प्रांतात १९३९ साली झाला. त्यामागे अनेकांचा रेटा होता. खानदेशातल्या त्या सभांचाही त्यात वाटा होता, असे मला वाटते.

त्याहून अवघड प्रसंग गिरण्यांचा. धुळ्यात आणि अमळनेरात गुरुजी कामगारांच्या युनियनचे काम करू लागले. ज्या धनिकाच्या दानावर तत्त्वज्ञान मंदिर चालले, ज्याच्या आधाराच्या शाळेत आपल्याला मास्तर म्हणून मान मिळाला, त्याच्याच गिरणीतल्या मजुरांच्या बाजूने उभे राहायचे होते. मीठ खाल्ले त्या घराशी भांडण कसे करायचे, हा प्रश्न आपल्या संस्कारांत फार खोल रुजलेला आहे. नोकरी केलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. मला त्या दारासमोर पडला होता आणि मी सही केली होती. गुरुजींनी कुणाचा द्वेष केला नाही. शाळेबद्दलचे प्रेमही सोडले नाही. पण दान देणे ही मालकाची मर्जी आहे आणि पुरेशी मजुरी हा मजुराचा हक्क आहे, या दोहोंची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या, एका खोलीत सारे कुटुंब घेऊन राहणाऱ्या माणसाला चांगले घर कुणाच्या दयेने मिळत नसते. ते मजुरीतून आणि संघटनेच्या बळावर मिळते.

१९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले, पुढे पुन्हा तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यांनी सगळ्यांत मोठ्या दाराला हात घातला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण मांडले. दहा-अकरा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा ते संपले. मला हे उपोषणही घराच्याच गोष्टीचा भाग वाटते. गावात राहतो, पण गावाच्या देवळात, विहिरीवर, पंगतीत ज्याला जागा नाही, तो त्या गावचा रहिवासी कसला? चार भिंती असल्या तरी त्याला घर नाही.

पुढच्या वर्षी गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. पण मन खचत गेले होते. स्वतंत्र देशात माणसे एकमेकांना इतकी परकी कशी, हे त्यांना सोसेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपवले. ते पन्नास वर्षांचे होते. लग्न केले नव्हते, घर बांधले नव्हते. इतरांना आधार देणाऱ्या माणसाला स्वतःला आधार लागतो, हे त्यांच्या भोवतालच्या माणसांना वेळेत उमगले नाही. चळवळीतल्या आणि घरातल्याही हळव्या माणसांबाबत आपण हे लक्षात ठेवायला हवे.

गुरुजींनी एकही वसाहत उभारली नाही. पण राष्ट्र सेवा दलाची जी तरुण पिढी त्यांच्या प्रेमाने भारलेली होती, तिच्यातून पुढे मृणाल गोरे आल्या. मुंबईत गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळवून देता देता त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. त्यातली अतिरिक्त जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेतर्फे वर्षानुवर्षे झुंज दिली. दिंडोशीला अल्प उत्पन्न गटातल्या सहा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळाली. यशोदाबाईंनी दागिने देऊन उभारलेल्या झोपडीपासून दिंडोशीच्या इमारतींपर्यंत मला एक धागा दिसतो. छप्पर आपले असावे, आणि त्यासाठी कुणापुढे मान तुकवावी लागू नये, एवढीच त्या बाईची मागणी होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. संमेलनस्थळाला साने गुरुजींचे नाव दिले होते. घर नसलेल्या माणसाच्या नावाने एक नगरी उभी राहिली, तीन दिवसांनी मांडव उतरला. नाव देणे सोपे असते. जळगाव-धुळ्यात आता नव्या वसाहती झाल्या, रविवारी सोसायट्यांच्या सभा भरतात. रिकामा ब्लॉक भाड्याने द्यायचा तर भाडेकरूचे आडनाव काय, खातो काय, देव कुठला, अशी चौकशी तिथे हलक्या आवाजात होते. ही चौकशी करणाऱ्या घरांतही कपाटात ‘श्यामची आई’ असते. पुढच्या सभेत हा विषय निघाला, तर एकाने तरी उठून ती चौकशी थांबवावी. गुरुजींच्या छात्रालयात आलेल्या मुलाला आधी त्याचे अंथरूण कुठे घालायचे ते दाखवले जाई.