अब्राहाम लिंकन व मेक्सिकोचे युद्ध

राष्ट्र युद्धात पडले म्हणजे ख्रिस्ती मनुष्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. राज्यकर्त्यांनी आरंभिलेले युद्ध न्यायाचे नाही असे ज्याच्या विवेकास वाटते, त्याने रणांगणावर गेलेल्या शिपायांसाठी प्रार्थना व साहाय्य करावे की नाही? आणि ज्याचा मुलगा अगर भाऊ पलटणीत आहे, त्याने त्या निर्णयाविषयी प्रश्न केला तर तो शिपायांशी बेइमान ठरतो काय? या दोहोंपैकी एकच करता येते, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनी दोन्ही केले. गुलामांस मुक्त करणारे म्हणून ते आमच्या मंडळ्यांस ठाऊक आहेत. परंतु त्यापूर्वीचा त्यांच्या चरित्रातील हा भाग फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो आम्ही येथे देत आहो.

लिंकन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी केंटकी संस्थानात, लाकडी ओंडक्यांच्या एका झोपडीत झाला. बाप शेतकरी व सुतार. आई 1818 साली वारली, आणि पुढे सावत्र आईने त्यांस पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. सर्व दिवस एकत्र केले तरी त्यांची शाळा एक वर्षही भरली नाही. पण घरी पवित्र शास्त्र होते, आणि आमच्याकडे यात्रिकक्रमण या नावाने निघालेले जॉन बन्यन यांचे पुस्तकही त्यांनी वाचले. 1832 साली इलिनॉय संस्थानात ब्लॅक हॉक नावाच्या मूळ रहिवाशांच्या नायकाशी युद्ध झाले, तेव्हा गावकऱ्यांच्या तुकडीने लिंकन यांस आपला कप्तान निवडले. लढण्याचा प्रसंग त्यांस आला नाही. परंतु मारल्या गेलेल्या शिपायांची प्रेते पुरण्याचा प्रसंग आला. शिपाई काय भोगतो हे त्यांस ऐकून नव्हे, तर डोळ्यांनी पाहून ठाऊक होते. पुढे ते वकील झाले व स्प्रिंगफील्ड शहरी राहू लागले.

1845 साली टेक्सास प्रांत संयुक्त संस्थानांत सामील करून घेण्यात आला. त्याची दक्षिणेची हद्द कोणती याविषयी तंटा होता. मेक्सिको न्यूएसेस नदी म्हणे, तर अध्यक्ष पोक हे त्याहून दूरची रिओ ग्रांडे नदी म्हणत. 1846 च्या आरंभी पोक यांनी सेनापति टेलर यांच्या फौजेस रिओ ग्रांडेकडे जाण्याचा हुकूम दिला. एप्रिलमध्ये तेथे चकमक होऊन रक्त सांडले, आणि मेक्सिकोने आमच्या भूमीवर आमच्या लोकांचे रक्त सांडले असे पोक यांनी काँग्रेस सभेस कळविले. 13 मे रोजी युद्ध जाहीर झाले. प्रतिनिधिसभेत विरुद्ध मते केवळ 14 पडली.

इलिनॉयातील तरुण झुंडीने पलटणीत शिरले. त्या महिन्याच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड येथील सभेत लिंकन यांनीही लोकांस उत्तेजन देण्यासाठी भाषण केले. त्यांचे मित्र बेकर हे एका पलटणीचे कर्नल होऊन गेले. आपल्या दुसऱ्या मुलास लिंकन यांनी या मित्राचेच नाव दिले होते. त्यांचे सोबती हार्डिन हेही कर्नल होऊन गेले, ते फेब्रुवारी 1847 मध्ये ब्वेना व्हिस्टाच्या लढाईत पडले. तेव्हा फौजेविषयी बोलताना लिंकन परक्यांविषयी बोलत नव्हते.

ऑगस्ट 1846 मध्ये पीटर कार्टराइट या मेथडिस्ट उपदेशकाचा पराभव करून लिंकन प्रतिनिधिसभेवर निवडून आले, आणि डिसेंबर 1847 मध्ये वॉशिंग्टन येथे आपल्या जागी बसले. 22 डिसेंबर रोजी त्यांनी सभेपुढे आठ ठराव मांडले. त्यांतील मागणी साधी होती: पहिले रक्त ज्या जागी सांडले ती जागा अध्यक्षांनी दाखवावी, आणि तेथे मेक्सिकोच्या लोकांची वस्ती होती की नाही, व आमची फौज येताच ते लोक घरेदारे टाकून पळाले की नाही, हे सांगावे. पोक यांनी उत्तर दिले नाही. 3 जानेवारी 1848 रोजी हे युद्ध अध्यक्षांनी विनाकारण व राज्यघटनेविरुद्ध आरंभिले, असे म्हणणारी दुरुस्ती 85 विरुद्ध 81 मतांनी संमत झाली. लिंकन यांचे मत त्या 85 मध्ये होते. त्यांच्या व्हिग पक्षास यात राजकीय लाभही हवा होता, हे आम्ही लपवीत नाही.

परंतु शिपायांस अन्न, वस्त्र, दारूगोळा व पगार पाठविण्याचा प्रश्न जेव्हा जेव्हा सभेपुढे आला, तेव्हा तेव्हा त्यांनी अनुकूल मत दिले. 1848 च्या मे महिन्यात शिपायांस जमिनी इनाम देण्याची चर्चा चालली असता, साधा शिपाई म्हणून भरती होऊन पुढे शौर्याने अंमलदाराच्या हुद्यास चढलेला मनुष्य त्या इनामास मुकू नये, असे त्यांनी सुचविले. युद्ध सुरू करण्याचे उत्तर अध्यक्षांनी द्यावयाचे आहे. पण सुरू झाल्यावर जो शिपाई हुकुमाने तेथे उभा आहे त्यास उपाशी ठेवण्याने तो अन्याय धुतला जात नाही, असा त्यांचा विचार होता.

उपदेशकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट येथे सांगतो. जॉन मेसन पेक या नावाजलेल्या बाप्तिस्त मिशनरी पाळकांनी ब्वेना व्हिस्टाच्या विजयदिनी भाषण करून, आपल्या सरकारने मेक्सिकोवर कोणतीही चढाई केली नाही असे प्रतिपादन केले. ते छापील भाषण लिंकन यांच्या हाती आले, तेव्हा 21 मे 1848 रोजी त्यांनी पेक यांस पत्र लिहिले. शांततेने राहणाऱ्या वस्तीत फौज शिरली, लोक उभी पिके टाकून पळाले. हेच कृत्य दुसऱ्या एखाद्या राष्ट्राने आपल्यातील अति दीन मनुष्याशी केले असते तर आपण ते क्षुल्लक मानले असते काय, असे त्यांनी विचारले. आणि मत्तय 7:12 मधील प्रभूची आज्ञा आता रद्द झाली आहे काय, असाही प्रश्न त्यांनी त्या पाळकास केला. ज्याचे नाव कोणत्याही मंडळीच्या पटावर कधी नव्हते, त्या वकिलाने पाळकास शास्त्राची आठवण द्यावी, हे आम्हां सेवकांस खाली मान घालावयास लावणारे आहे.

याची किंमत त्यांस द्यावी लागली. त्यांचे वकिलीतील भागीदार हर्नडन यांनीही नापसंती कळविली. तेव्हा खरे बोलणे किंवा लबाडी करणे याशिवाय तिसरा मार्ग मजपुढे नव्हता, अशा आशयाचे उत्तर लिंकन यांनी पाठविले. जागा व ठिपका या दोहोंस इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे विरोधकांनी त्यांस ठिपकेवाला लिंकन असे हिणविले. 1848 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा उमेदवार तेथे पडला. दहा वर्षांनंतरही तो डाग त्यांच्यावर लावला जात होता. सप्टेंबर 1858 मध्ये चार्ल्स्टन येथील वादसभेत, यांनी फौजेची रसद नाकारली असा आरोप निघाला, तेव्हा विरुद्ध पक्षाचे जुने सभासद फिक्लिन तेथेच बसले होते. त्यांस हाताने धरून लिंकन यांनी लोकांपुढे उभे केले, आणि शिपायांसाठी मागितलेल्या पैशास मी कधी नकार दिला नाही हे यांस ठाऊक आहे, असे सांगितले.

पुढे 1861 साली ते स्वतः अध्यक्ष झाले आणि लाखो शिपाई त्यांच्या हुकुमाने रणात उतरले. मग जे माप त्यांनी पोक यांस लावले होते तेच त्यांस लागू झाले. 1863 साली युद्धाविरुद्ध बोलणारे पुढारी व्हॅलँडिगम यांस लष्करी न्यायालयाने कैदेची शिक्षा दिली. लिंकन यांनी ती बदलून त्यांस शत्रूच्या हद्दीत घालविले, पण मोकळे केले नाही. येथे ते आपल्याच मापाने उणे भरले, असे आम्हांस वाटते. तथापि शिपायांविषयीची त्यांची कळकळ अखेरपर्यंत टिकली. ते जखमींच्या भेटीस दवाखान्यांत जात, आणि देहान्ताची शिक्षा झालेल्या अनेक शिपायांस त्यांनी क्षमा केली. 4 मार्च 1865 च्या भाषणात त्यांनी शत्रूचा द्वेष न करण्यास, आणि जो लढला त्याची व त्याच्या विधवेची व अनाथ लेकराची काळजी वाहण्यास राष्ट्रास विनविले. 14 एप्रिल रोजी, उत्तम शुक्रवारी, त्यांस गोळी घालण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला.

मेक्सिकोच्या युद्धात संयुक्त संस्थानांचे सुमारे 13,000 शिपाई मेले, त्यांतील बहुतेक रोगाने. आणि मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला. ते शिपाई लबाड नव्हते, आणि लिंकन यांचा प्रश्नही लबाड नव्हता.

प्रिय बंधूंनो, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांस हाकून दिले नाही (लूक 3:14). परंतु त्याच योहानाने हेरोद राजास त्याचे पाप तोंडावर सांगितले. राजांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा आम्हांस आहे (1 तीमथ्य 2:1-2), पण त्यांचे प्रत्येक कृत्य नीतीचे आहे असे म्हणण्याची आज्ञा नाही. म्हणून ज्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्या घरी उपदेशकाने जावे, त्याच्या आईजवळ बसावे, आणि रविवारी त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. त्याच प्रार्थनेत शत्रूच्या मुलखातील शेतकऱ्याची व त्याच्या उभ्या पिकाचीही आठवण करावी. मंडळीतील कोणी युद्धाच्या न्यायाविषयी प्रश्न विचारला, तर त्यास गप्प बसवू नये. त्याचे ऐकून घ्यावे, आणि शास्त्र उघडून त्याच्याबरोबर विचार करावा.